बोरीच्या वाटेवर: पाऊस येण्याआधी ठरवायच्या गोष्टी

परभणीहून जिंतूरकडे निघालात की दुतर्फा काळ्या मातीची शेते सोबत करतात. कापूस, सोयाबीन, मधूनच तूर. याच वाटेवर बोरी हे गाव लागते. उन्हाळ्यात येथील जमिनीला खोल भेगा पडतात. पावसाळ्यात तीच माती पाणी पिऊन फुगते आणि मग पाणी मुरेनासे होते. २०२४च्या सप्टेंबरच्या आरंभी परभणी जिल्ह्याने अशीच अतिवृष्टी पाहिली. ओढे-नाले पात्र सोडून वाहिले, उभी पिके पाण्याखाली गेली.

अशा रात्री घरातील कर्ती माणसे गुरे सोडवतात, धान्य उंचावर ठेवतात. आजी मात्र म्हणते, “मी कुठं येऊ? तुम्ही जा.” वाचकहो, याला हट्ट समजू नका. अंधार, चिखल, परक्या घरातील शौचालय आणि आपला भार कुणावर पडेल ही भीती, हे सारे त्या नकारामागे असते. त्याचे उत्तर ऐन पावसात सापडत नाही. ते आधीच, आजीला सोबत बसवून, शोधावे लागते. कोणाच्या पक्क्या घरी जायचे, हात कोण धरणार, हे तिलाच ठरवू द्या. पाणी अंगणात येण्यापूर्वी, उजेड असतानाच निघायचे, एवढे मात्र पक्के असू द्या.

एक पिशवी भरून ठेवा: आठवड्याची औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, चष्मा, कवळी, विजेरी, कोरडे कपडे. वीज गेल्यास इन्सुलिन ओलसर मातीच्या मडक्यात, कोरड्या डब्यात ठेवता येते. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि जिल्हा आपत्ती कक्षासाठी १०७७ हे क्रमांक मोठ्या अक्षरांत भिंतीवर लिहा.

पूर ओसरल्यावरही सावध राहा. पाणी उकळूनच प्या. अडगळीत हात घालण्यापूर्वी काठीने चाचपा. तेथे साप असू शकतो. ताप किंवा जुलाब अंगावर काढू नका. आणि पीक गेल्यावर आजोबा अबोल झाले, जेवेनासे झाले, तर “वयामुळे होते” म्हणून सोडून देऊ नका. त्यांच्याजवळ बसा, बोलते करा. गरज भासल्यास टेली मानसच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर बोला.

काळी माती वाळते, पुन्हा पेरणीजोगी होते. माणसालाही तेवढी सवड आणि सोबत द्यावी.