टाकीचं झाकण

मुलांनो, लहानपणी आम्ही गिरगावात चाळीत राहायचो. पतंग अडकला की मी गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीवर चढायचो. झाकण सरकलं तर सरकलं! एकदा पालिकेचा माणूस तपासणीला आला. त्यानं टाकीतलं पाणी वाडग्यात घेऊन दाखवलं. बारीक काड्यांसारख्या अळ्या पाण्यावर आडव्या पडल्या होत्या. "यांचेच मलेरियाचे डास होतात," तो म्हणाला. त्याच महिन्यात धाकट्या बहिणीला हुडहुडी भरून ताप आला. झाकण कोणी सरकवलं, हे मी घरी बोललो नाही.

त्या डासाचं नाव अ‍ॅनोफिलिस स्टीफेन्सी. भारतापासून अरबस्तानापर्यंतचा मुलूख त्याचा. आफ्रिकेत मलेरियाचे डास होतेच, पण ते मुख्यतः खेड्यापाड्यांतले, पावसाच्या डबक्यांत वाढणारे. २०१२ साली मात्र तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या जिबूती देशात हा आपल्याकडचा डास सापडला. याला टाकी, पिंप, हौद काहीही चालतं, अगदी भर शहरात. पावसाची वाट बघावी लागत नाही. त्या वर्षी तिथे मलेरियाचे रुग्ण होते २७. आणि २०२० साली? ७३ हजारांच्या वर! सगळा दोष एकट्या या पाहुण्याचा नसेल, पण मोठा वाटा त्याचाच मानतात. २०१६ मध्ये तो शेजारच्या इथिओपियातही आढळला.

हे आकडे वाचले त्या रात्री मी बहिणीला फोन केला आणि झाकणाचं सांगून टाकलं.

"दादा, मला तेव्हाच ठाऊक होतं," ती हसली. "पतंग धरायला खाली मीच तर उभी होते!"