मासळीचा वास

सासूबाईंची सामायिक अठ्ठेचाळीस मिनिटांची. त्या संध्याकाळी मधेच त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघून नाक मुरडलं. मुहपत्ती तोंडाशी होती, बोलायचं नव्हतं, म्हणून हातानेच विचारलं, कसला वास? सामायिक पारल्यावर पहिलं वाक्य हेच, "कुणीतरी मासळी आणलीय."

आमच्या घरात कधी मासळी शिजली नाही. पण सरदारपूर माहीच्या काठावरचं गाव आहे. बाजाराच्या दिवशी एका ठराविक कोपऱ्यावरून जाताना आम्ही पदर नाकाला लावतो, तेवढी त्या वासाची ओळख. शेजारच्या घरी मासळी होते हे आम्हाला ठाऊक, आमच्याकडे होत नाही हे त्यांना. पंधरा वर्षं भिंतीला भिंत लागून राहतो, कधी विषय निघाला नव्हता. तो मी काढला. तिसऱ्या दिवशीही वास आला तेव्हा भिंतीवरून म्हटलं, "वहिनी, संध्याकाळी स्वयंपाकघराची खिडकी जरा लावून घ्याल का? आईंची सामायिक असते." त्या "बरं" म्हणाल्या. पुढचे आठ दिवस, पावसाळ्याच्या त्या उकाड्यात, खिडकी बंद. वास काही गेला नाही.

नवव्या दिवशी त्या स्वतः आल्या. ओसरीवर उभ्या राहून म्हणाल्या, "भाभी, आमच्याकडे सावन पाळतात. महिना होत आला, घरात मासळी नाही आली. वास तुमच्या मोतीचा आहे." माझं माहेर खानदेशातलं. इकडचा सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी सुरू होतो हे इतक्या वर्षांनीही माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं नाही. त्या दिवशी बसलं.

मोती आमचा पांढरा, झुपकेदार शेपटीचा स्पिट्झ. मुलाने हौसेने आणला, नोकरीला पुण्याला गेला, कुत्रा आमच्याकडे राहिला. असं किती घरांत झालंय तुम्हीच आठवा. महिनाभर तो फरशीवर बसून, मागचे पाय उचलून, बूड घासत पुढे सरकायचा. आम्ही हसायचो. मुलाला व्हिडिओ पाठवला, त्यानेही हसणारे चेहरे पाठवले. मग शेपटीखाली सारखा चाटायला लागला. सगळे म्हणाले जंत झाले असतील. जंताची गोळी दिली, पंधरा दिवसांनी परत दिली. शेपटी वर करून बघायचं मात्र मला सुचलं नाही. खरं सांगायचं तर सुचलं होतं, किळस वाटली. दोन मुलांची शी-शू काढलेली बाई मी, पण कुत्र्याची ती जागा म्हटल्यावर हात मागे आला.

वहिनींनीच शेपटी उचलली. शीच्या जागेच्या एका बाजूला सुपारीएवढी सूज, आणि वास तिथलाच.

आम्ही घाबरून इंदूर गाठलं, शंभरेक किलोमीटर. तिथल्या एका चकाचक दवाखान्यात मोतीला आत नेलं, पाच मिनिटांत बाहेर आणलं. सांगितलं की ग्रंथी भरल्या होत्या, रिकाम्या केल्यात, पण हे परत परत होणार, ऑपरेशन करून काढूनच टाका. रक्ततपासणी आणि सोनोग्राफी धरून २२,००० रुपये. तो काय खातो, हे कुणी विचारलं नाही. आम्ही "विचार करून कळवतो" म्हणून सात दिवसांच्या गोळ्या घेऊन परत आलो. तीन दिवसांत वास गेला, सूज उतरली, आणि मी गोळ्या बंद केल्या. ही चूक दवाखान्याची नाही, माझी. माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो, बरं वाटलं की पाकीट डब्यात.

पर्युषणाच्या तिसऱ्या दिवशी सूज फुटली. सकाळी उठून बघते तर ओसरीवर रक्त-पू, मोती कोपऱ्यात, अंग तापलेलं. यांनी घाईघाईत आपली डोकेदुखीची गोळी त्याला द्यायला काढली होती. नशीब, दिली नाही. नंतर डॉक्टरांनी कानाला हात लावला. ब्रुफेन, पॅरासिटामॉल, डायक्लोफिनॅक, यांतलं काहीही कुत्र्याला मनाने द्यायचं नाही. ब्रुफेनसारख्या गोळीने पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंड जातं.

इंदूरला जायला वेळ नव्हता, म्हणून सरकारी पशुचिकित्सालयात नेलं. बाहेर एक म्हैस, चार बकऱ्या, आणि मांडीवर मोतीला घेतलेल्या आम्ही दोघी. हो, वहिनी बरोबर आल्या. मी बोलावलं नव्हतं.

डॉक्टरांनी मोतीच्या तोंडाला पट्टी बांधली, केस कापले, बधिर करायचं इंजेक्शन दिलं आणि फुटलेली जागा थोडी आणखी उघडून सलाईनने धुतली. वहिनींनी डोकं धरलं. मी मागचे पाय धरले, पण मान वळवून. डॉक्टर म्हणाले, "बघा, बघा. उद्यापासून तुम्हालाच धुवायचंय."

मग त्यांनी कागदावर एक गोल काढून समजावलं. तो गोल म्हणजे शीची जागा. घड्याळाची तबकडी मानली तर चार आणि आठ वाजतात तिथे, कातडीच्या आत एकेक छोटी पिशवी असते. तिच्यात उग्र वासाचा स्राव साठतो. कुत्री भेटली की एकमेकांचं शेपूट हुंगतात ते ह्याच ओळखीसाठी. शी घट्ट असली की बाहेर येताना दोन्ही पिशव्या दाबल्या जातात आणि आपोआप रिकाम्या होतात. शी पातळ असली की दाब पडत नाही. स्राव आत साचतो, दाट होतो, बारीक नळी बुजते, जंतुसंसर्ग होतो, गळू होतं. लहान चणीच्या कुत्र्यांत जास्त, लठ्ठ कुत्र्यांत त्याहून जास्त.

"काय खातो?"

"दूध-पोळी."

"तीन वेळा?"

मी गप्प. तीन वेळा दूध-पोळी, वर सासूबाईंच्या ताटातला तूप लावलेला खाकरा. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचत नाही, पोट ढिलं राहतं. मोतीची शी कायमच मऊ असायची, आम्हाला वाटायचं त्याची प्रकृतीच तशी. वजन साडेअकरा किलो भरलं, डॉक्टरांच्या मते नऊ पुरे होतं. कांदा-लसूण देता का, म्हणून विचारलं. कुत्र्याला ते विषारी, रक्तातल्या पेशी फुटतात. मी म्हटलं, आमच्याकडे येतच नाही. ते हसले, "चला, एक काम धर्माने केलं." द्राक्षं-मनुकेही घातक म्हणाले, तेव्हा मात्र हसू गेलं. सासूबाई रोज दोन मनुका त्याच्या तोंडात घालायच्या.

दूध बंद. मुगाच्या डाळीची मऊ खिचडी, जेवण मोजून दोन वेळा, वर दोन चमचे उकडून कुस्करलेला लाल भोपळा. भोपळा नसेल तर अर्धा चमचा इसबगोल, भरपूर पाण्यात भिजवून, कोरडा कधीच नाही. चोथा वाढला की शी बांधून येते, पिशव्या दाबल्या जातात. अंडं द्या म्हणाले. देणार नाही, असं मी सांगितलं, तर त्यांनी वाद घातला नाही. नुसत्या खिचडीवर मात्र वर्षानुवर्षं ठेवू नका, शाकाहारी तयार खाद्य मिळतं ते अर्धं मिसळा, म्हणाले. आम्ही तसंच करतो.

घरी आले तर सासूबाईंनी तोंड फिरवलं. "पर्युषणात मुक्या जीवाचं अन्न तोडतेस? अतिचार लागेल." पहिल्या व्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात म्हणतो: बांधणं, मारणं, अंग कापणं, जास्त भार घालणं, अन्नपाणी तोडणं. लहानपणापासून म्हणतेय. त्या दिवशी संध्याकाळी म्हणताना मोजलं, पाचांतले तीन मी एका सकाळीच केले होते. पट्टी बांधली, कातडी कापवली, अन्न कमी केलं. पण मला ते बोचलं नाही. बोचत होता तो महिना, ज्यात मी मोतीला बांधलं नाही, कापलं नाही, भरपूर खाऊ घातलं, आणि शेपटी उचलून बघितलं नाही. शास्त्रात हिंसेच्या मुळाशी प्रमाद सांगितलाय. प्रमाद म्हणजे नुसता आळस असं मी समजत होते. किळसही त्यातच येते, हे कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचे बारा दिवस मी जागा धुतली. सोसवेल इतक्या गरम पाण्याने दहा मिनिटं शेक, दिवसातून दोनदा, मग पाणी घातलेलं बेटाडीन. चाटू नये म्हणून मुलाच्या जुन्या प्लॅस्टिकच्या फायलीची गळपट्टी कापून बांधली. विकतची घेतलीच नाही. गोळ्या शेवटच्या दिवसापर्यंत दिल्या. पावती, औषधं, सलाईन, बेटाडीन धरून सगळा खर्च ६४० रुपये. इंदूरच्या रकमेशी तुलना करून मी खूप दिवस मिरवलं. पण खरं तर ऑपरेशन हे काही थोतांड नाही. कितीही केलं तरी परत परत गळू होत असेल तर ग्रंथी काढाव्या लागतात. मात्र त्यात शीवरचा ताबा जाण्याचा धोका असतो, म्हणून ते शेवटी. आणि वय झालेल्या कुत्र्याला तिथे कडक गाठ लागली तर घरी दाबत बसायचं नाही, ती कॅन्सरचीही असू शकते. नंतर आम्ही महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातही एकदा दाखवून आलो. तिथेही हेच सांगितलं, आधी खाणं आणि वजन.

पिशवी रिकामी करायला मला सरकारी दवाखान्यातच शिकवलं. डॉक्टरांनी दोनदा माझ्या हातावर हात ठेवून करून घेतलं, तेव्हा जमलं. नुसतं वाचून करू नका. हातमोजा घालायचा, ओल्या कापसाची जाड घडी जागेवर धरायची, कारण पिचकारी उडते आणि तो वास साडीतून दोन धुण्यांनी जात नाही. अंगठा आणि पहिलं बोट दोन पिशव्यांच्या बाहेरून, खालून वर, हलकेच. तपकिरी, पातळ आलं तर ठीक. काही आलं नाही तर सोडून द्यायचं, जोर करायचा नाही. रक्त, पू, ताप, किंवा हात लावताच कुत्रा किंचाळला, तर थेट डॉक्टर. आणि त्रास नसेल तर उगाच महिन्याच्या महिन्याला दाबायचं नाही, त्यानेच सूज येते. अंघोळ घालून देणाऱ्या दुकानांत "सोबत ग्रंथीही काढून देतो" म्हणतात, तिथे मी आता नको म्हणते. जंत असतील तर शेपटीच्या केसांना तांदळाच्या कणीसारखे तुकडे चिकटलेले दिसतात. ते दिसले तरच मी आधी जंतांचा विचार करते.

ज्यांच्या गावात दवाखाना दूर आहे त्यांनी १९६२ हा नंबर लिहून ठेवा. मध्य प्रदेशात २०२३ पासून त्यावर पशुवैद्यकाची गाडी येते. महाराष्ट्रातही हाच नंबर.

संवत्सरीला आम्ही सगळ्यांना मिच्छामि दुक्कडम् म्हणतो. फोनवर दोनशे जणांना पाठवतो, त्यातल्या एकशे नव्वद जणांचा आपण काही अपराध केलेला नसतो. ह्या वेळी प्रतिक्रमण झाल्यावर मी आधी शेजारी गेले. वहिनी भांडी घासत होत्या. हात जोडून म्हटलं, तर त्यांना नीट कळलं नाही, वाटलं प्रसाद आणलाय. मग सरळच सांगितलं, "मी तुमच्यावर आळ घेतला. आठ दिवस उकाड्यात बसवलं." त्या ओल्या हातानेच म्हणाल्या, "म्हणजे खिडकी उघडू ना आता?"

सासूबाई स्वतः गेल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी खाकऱ्यांचा डबा भरून माझ्या हाती दिला, "तिकडे दे" एवढंच म्हणाल्या.

वर्ष झालं. मोती साडेनऊ किलोवर आलाय. ग्रंथी चारदा दाबाव्या लागल्या, चारही तारखा कॅलेंडरवर आहेत. चारही वेळा डोकं वहिनींनी धरलं. सासूबाईंनी मनुका बंद केल्या, पण मोतीच्या ताटावर त्यांची नजर असते. एकदा खिचडीवर मी दोन चमचे दही घातलं तर त्यांनी वाटी उचलून नेली, "डाळीत कच्चं दही? विदळ होतं. त्याला कळत नाही, तुला तर कळतं." आता दही वेगळं, दुपारी. अष्टमी-चतुर्दशीला आमच्याकडे हिरवी भाजी चिरत नाहीत, म्हणून त्या दिवशी भोपळा नाही, इसबगोल. ते लक्षात ठेवायचं काम त्यांनीच घेतलंय. सकाळी पंचांग बघून स्वयंपाकघरात डोकावतात आणि म्हणतात, "आज त्याचं इसबगोल भिजत घाल."