नाव कोणाच्या नावावर?

जालन्यात कोणी ‘नाव घ्यायची आहे’ म्हणालं, तर ऐकणारा आधी व्याकरण सुधारतो, ‘घ्यायचं म्हणा,’ आणि मग उखाण्याची वाट बघतो. आमच्या गावाची कीर्ती बियाण्यांची आणि लोखंडी सळयांची. २०१२-१३ च्या दुष्काळात तर इथं पाणीच टँकरच्या चाकांवर फिरत होतं. नाव घेऊन करायचं काय?

पण जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला गोदावरी आहे. शहागडच्या बाजूचे आमचे एक खातेदार पिढीजात मासेमारी करतात. सगळी शाखा त्यांना मामा म्हणते. ते एकदा काउंटरवर आले. ‘‘साहेब, फायबरची नाव बघायला चला. जुनी आहे. ट्रॅक्टर तपासता, तशी तपासा.’’

मी बी. कॉम. बुडीत कर्जं पुष्कळ पाहिली. नाव एकही नाही. तेव्हा किनाऱ्याकडच्या एका कारागिराला फोन केला आणि कळलं, की नाव तपासणं आणि कर्जदार तपासणं यांत फारसा फरक नाही.

पहिली गोष्ट, ताजा रंग. ताळेबंद फार चकचकीत दिसला की आपण चष्मा पुसून घ्यावा, तसंच हे. फायबर म्हणजे काचेच्या धाग्यांचे थर, रेझिनमध्ये भिजवून वाळवलेले. वर जेलकोटचं गुळगुळीत कातडं. त्यावर चांदणीसारख्या भेगा दिसल्या, की तिथं दणका बसला आहे असं धरावं. बुडाला फोड असतील, तर पाणी आत मुरलंय. फोड फोडला की आंबूस वास येतो.

दुसरी, वाजवणं. साधा नारळ आपण कानाशी धरून हलवतो आणि नाव मात्र नुसती बघून घेतो! नाण्यानं वीतभर अंतरावर ठोकत जावं. धड फायबर ‘टण्ण’ म्हणतं. थर सुटले असतील तर ‘बद्द’.

तिसरी, मागची फळी, जिथं इंजिन टांगतात. पुष्कळ नावांत तिच्या पोटात प्लायवूड असतं. स्क्रूच्या भोकांतून पाणी शिरून ते कुजतं आणि बाहेर पत्ता लागत नाही. इंजिन धरून हलवावं. फळी हलली, की आपणही तिथून हलावं.

चौथी, कागद. १९१७ चा कायदा जाऊन २०२१ साली देशांतर्गत जलवाहतुकीचा नवा कायदा आला. इंजिनाच्या नावेची नोंदणी लागते. ‘‘नाव कोणाच्या नावावर आहे?’’ असं मी मालकाला दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्यानं स्वतःचं नाव सांगितलं, कागद दाखवला नाही.

मामांनी माझ्याकडून पाचाचं नाणं घेतलं. टण्ण, टण्ण, टण्ण... आणि मागच्या फळीशी बद्द. मालकानं तत्काळ किंमत उतरवली. माझ्यातला कारकून खूश झाला. मामांनी नाणं परत दिलं.

‘‘साहेब, पैसे कमी केले म्हणून डोह उथळ होत नाही. हिच्यात माझा नातू बसणार आहे.’’

दोन महिन्यांनी त्यांना दुसरी मिळाली. जुनीच, पण बुडापासून फळीपर्यंत टण्ण, आणि कागदासकट. कर्जाच्या अर्जात ‘तारण’ या रकान्यात मी लिहिलं, ‘नाव’. मॅनेजरसाहेबांनी अर्ज परत पाठवला. शेरा होता : ‘पूर्ण नाव लिहा.’