अर्थिंग बघितलंस का?



या अंकासाठी "घरातली एखादी गोष्ट लिहा" असा ताईंचा निरोप आला, तेव्हा आम्ही ठरवलं की आमच्या फजितीचीच गोष्ट लिहायची. फजिती आमची, पण उपयोग तुम्हा सगळ्यांना होईल.

तर झालं असं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही बर्लिनला गेलो होतो. तिथे कार्ल-मार्क्स-आले या रस्त्यावर कॉम्प्युटर गेम्सचं संग्रहालय आहे. त्यात 'पोली-प्ले' नावाचं कपाटाएवढं मशीन आहे. १९८०च्या दशकात पूर्व जर्मनीतल्या कार्ल-मार्क्स-श्टाट, म्हणजे आजच्या केमनिट्स, गावी ते तयार झालं. त्यातल्या ससा आणि लांडग्याच्या खेळापासून आमचा नऊ वर्षांचा धाकटा हलेचना. घरी आल्यावर एकच धोशा : "आपल्याकडे पण असं मशीन हवं!"

शेवटी दिवाळीच्या सुमारास एक जुनं, पिक्चर ट्यूबवालं आर्केड मशीन वापरलेलं मिळालं. न्युर्नबर्गमधली आमची इमारत जुनी आणि जिना अरुंद. मशीन वर चढेना. म्हणून ते खाली केलरमध्ये, सिमेंटच्या जमिनीवर ठेवलं.

आम्ही दोघंही इंजिनिअर, पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहिणारे. मशीनची काळजी शास्त्रशुद्ध घ्यायची म्हणून विजेच्या झटक्यापासून संरक्षण देणारी महागडी पट्टी आणली. भारतातून आणलेला टेस्टर सॉकेटला लावून पाहिला. एका भोकात दिवा लागला, दुसऱ्यात नाही. कडेच्या अर्थच्या पट्ट्यांनाही लागला नाही. म्हणजे सगळं ठीक! धाकट्याला दहादा बजावलं, "मशीन जप हं. जुनं आहे. बिघडलं तर पुन्हा मिळायचं नाही."

तो खरंच शहाण्यासारखा वागायला लागला. एरवी घरात घालायच्या चपला घाल म्हणून त्याच्या मागे लागावं लागतं. आता केलरमध्ये जाताना तो न विसरता चपला घालायचा. आम्हाला वाटलं, मशीनमुळे मुलाला शिस्त लागली.

तीन आठवड्यांनी थोरली अनवाणीच खाली गेली आणि ओरडली, "आई गं! चावलं!" नाणं टाकायच्या लोखंडी दाराला तिचा हात लागला होता. त्यावर धाकटा अगदी शांतपणे म्हणाला, "ताई, चपला घाल ना. मग नाही चावत."

आम्ही एकमेकांकडे बघतच राहिलो. तीन आठवडे मुलाच्या हाताला मुंग्या येत होत्या, त्याने स्वतःच उपाय शोधला होता, आणि आम्ही त्याला शिस्त म्हणत होतो.

"अरे, सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही मशीन परत दिलं असतं. आणि बाबा म्हणाले होते, मशीन जप."

त्या रात्री सांगलीला नानांना फोन केला. नाना आमचे वीज मंडळातले जुने लाइनमन. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "अर्थिंग बघितलंस का?"

"बघितलं ना! टेस्टर लागला नाही."

"चांगल्या अर्थला टेस्टर लागत नाही, आणि कुठेच न जोडलेल्या पट्टीलाही लागत नाही. तुला फरक काय कळला? चालू मशीनच्या दाराला लावून बघ."

लावला. दिवा मिणमिणला. गंमत म्हणजे जर्मन लोकही या टेस्टरला 'ल्युगनश्टिफ्ट', म्हणजे खोटं बोलणारी पेन्सिल, म्हणतात. शून्य असणं आणि काहीच नसणं यातला फरक प्रोग्रॅम लिहिताना आम्ही रोज सांभाळतो. तो नेमका घरी विसरलो. "प्लग काढ, आणि वायरमन येईपर्यंत लावू नकोस," नाना म्हणाले.

वायरमनने सॉकेट उघडलं. अर्थच्या पट्टीला तारच नव्हती. पश्चिम जर्मनीत १९७३ पूर्वीच्या बऱ्याच घरांत भिंतीतून दोनच तारा येतात. त्यातल्या न्यूट्रललाच सॉकेटमध्ये एक तुकडा जोडून अर्थचं काम भागवायचे. ती तार मागे कुठे तुटली तर लोखंडी भागांतच वीज उतरते. म्हणून १९७३ पासून नव्या साध्या वायरिंगला ही पद्धत बंद झाली. आमच्याकडे कोणीतरी नवं सॉकेट बसवताना तो तुकडासुद्धा जोडला नव्हता.

मग मुंग्या का येत होत्या? मशीनच्या पॉवर सप्लायमध्ये गाळणीसारखे छोटे कपॅसिटर असतात. त्यांच्यातून किंचित वीज लोखंडी सांगाड्यात येते. अर्थ असला तर ती मुकाट्याने जमिनीत जाते. नसला तर सांगाड्यावर सुमारे ११५ व्होल्ट उभे राहतात. एवढ्या किंचित विजेने मुंग्याच येतात, पण ती घंटा असते. उद्या आतली एखादी तार सुटून दाराला लागली, तर अर्थ असल्यास फ्यूज उडतो. नसल्यास काही उडत नाही. दार वाट बघतं, आणि पहिला हात लावणाऱ्या मुलातून वीज जमिनीत जाते.

आणि आमची महागडी पट्टी? तिने जादा वीज अर्थमध्ये सोडायची. तो कुठे जोडलेलाच नव्हता, म्हणजे पट्टीला फारसा अर्थच उरला नव्हता!

घरमालकांनी केलरला तीन तारांची नवी लाइन टाकून दिली आणि सोबत 'एफ-आय' स्विच बसवला. एफ म्हणजे 'फेलर', चूक. आय हे करंटचं चिन्ह. गेलेली वीज आणि परत आलेली वीज यात ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो क्षणात लाइन तोडतो. २००७ सालच्या नियमांपासून इथे घरातल्या नव्या साध्या सॉकेटना तो लागतोच.

मुलांनो, जर्मन सॉकेटमध्ये वर-खाली दोन धातूच्या पट्ट्या दिसतात ना? तो अर्थ. ही 'शुको' पद्धत १९२०च्या दशकातली. आमच्या जवळच्या लाउफ गावच्या अल्बर्ट ब्युटनर यांच्या नावाशी ती जोडलेली आहे. प्लग घालताना आधी या पट्ट्या टेकतात, मग वीज येते. भारतातल्या तीन पिनांच्या प्लगची वरची जाड पिन लांब असते, तीही त्याचसाठी. म्हणून पालकहो, तिकडून आणलेल्या मिक्सरला अ‍ॅडॅप्टर लावताना अर्थ पुढे जातो का, हे एकदा बघाच. काही अ‍ॅडॅप्टर तो मधेच सोडून देतात.

आणि मशीन कधी उघडू नका. प्लग काढल्यावरही पिक्चर ट्यूबमध्ये हजारो व्होल्ट शिल्लक राहू शकतात.

वायरमनला यायला पाच आठवडे लागले. तेवढे दिवस मशीन बंद होतं, पण परत दिलं नाही. कारण आम्ही धाकट्याला शब्द दिला होता : खरं सांगितल्याबद्दल या घरात कुणाचं काही काढून घेतलं जाणार नाही. आणि "मशीन जप" हे वाक्य आम्ही मागे घेतलं.

नानांच्या अंगणात अर्थिंगचा खड्डा आहे, मीठ आणि कोळसा घातलेला. उन्हाळ्यात त्यात पाणी ओतायचं काम लहानपणी आमच्याकडे असायचं. इथे धाकट्याकडे तसंच काम आलंय. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात, त्या दिवशी तो एफ-आयचं 'टी' बटण दाबतो. खट्‌ करून लाइन गेली की ओरडतो, "चालतोय!"

तुमच्या घरी ते बटण कुठे आहे, या शनिवारी आई-बाबांना जरूर विचारा. आणि कुठे 'चावलं' तर चपला शोधू नका. आधी सांगा.