प्रेमभंग मुलाचा, गाणे जपानी

प्रेमभंग झालेली मुलगी बहुतेक घरांत लवकर लक्षात येते. ती जेवत नाही, मैत्रिणीपाशी तासन्तास बोलते, आईने जवळ घेतले की रडते. मुलाचे तसे नसते. तो खोलीचे दार लावतो आणि कानात इयरफोन घालतो. घरच्यांना वाटते, अभ्यास चालला आहे.

वाराणसीत दुर्गाघाट, ब्रह्माघाट या भागात पिढ्यान्पिढ्या राहिलेली मराठी घरे आहेत. घरात मराठी, गल्लीत भोजपुरी वळणाची हिंदी. अशा एखाद्या घरातला एकवीस वर्षांचा मुलगा डोळ्यांपुढे आणा. दोन वर्षांची मैत्री मुलीने मोबाइलवरच्या चार ओळींत संपवली आहे. रात्री पाणी प्यायला उठलेले वडील त्याच्या खोलीत डोकावतात, तर जपानी गाणे चालू. ‘‘यातलं एक अक्षर तरी कळतं का तुला?’’ मुलगा म्हणतो, ‘‘असंच लावलंय.’’ सकाळी आई लाल डोळ्यांचे कारण विचारते, तेव्हा डोळ्यांत धूळ गेलेली असते. आजी मात्र ऐकवतेच, ‘‘पुरुषासारखा पुरुष आणि मुलीसारखं तोंड पाडून काय बसायचं?’’

आजीच्या या वाक्यात सगळी अडचण आली आहे. बरे, बंगाली नाही, पंजाबी नाही, थेट जपानी गाणेच का?

याचे उत्तर बरेचसे ॲनिमेत, म्हणजे जपानी चित्रमालिकांत आहे. आपल्याकडची मुले शाळेपासून त्या बघतात. भारतातल्या चाहत्यांनी आग्रह धरला म्हणून २०१९च्या ऑक्टोबरमध्ये ‘वेदरिंग विथ यू’ हा जपानी चित्रपट इथल्या चित्रपटगृहांत लागला. पुढे २०२३ साली ‘सुझुमे’ आला. मालिकेच्या प्रत्येक भागाच्या शेवटी एक गाणे असते. त्या गाण्यावरून मुले दुसऱ्या गाण्याकडे जातात, खाली अर्थाच्या ओळी येतात, आणि बघता बघता त्यांचा त्या दुनियेत प्रवेश होतो.

त्या दुनियेत प्रेमभंगाच्या गाण्यांचा वेगळा कप्पाच आहे. प्रेम हरपण्याला जपानीत ‘शित्सुरेन’ म्हणतात आणि अशा गाण्यांना शित्सुरेनची गाणी. १९९९ साली हिकारू उताडा यांचा ‘फर्स्ट लव्ह’ हा गीतसंग्रह निघाला, तेव्हा या कलावंताचे वय अवघे १६ वर्षांचे होते. एकट्या जपानात त्याच्या ७० लाखांहून अधिक प्रती खपल्या. तिथे इतका खप आजवर दुसऱ्या कोणत्याही संग्रहाचा झालेला नाही. त्यातल्या शीर्षकगीताचा आधार घेऊन २०२२ मध्ये त्याच नावाची मालिकाही आली आणि जे तेव्हा जन्मलेही नव्हते, त्यांना ते गाणे नव्याने सापडले.

पण आपल्या मुलाच्या दृष्टीने त्याहून मोलाची एक गोष्ट आहे. यातली कितीतरी गाणी पुरुष गातात आणि ती असतात मात्र बाईच्या मनातली. युउरी या गायकाने २०१९ मध्ये ‘काकुरेंबो’, म्हणजे लपंडाव, हे गाणे केले. ते सोडून गेलेल्या मुलीला शोधणाऱ्या तरुणाचे आहे. पुढल्याच वर्षी त्याने ‘ड्राय फ्लॉवर’मध्ये त्याच ताटातुटीची मुलीची बाजू गायली, स्वतःच्याच आवाजात. ‘बॅक नंबर’ या तिघा पुरुषांच्या चमूचे २०१६ सालचे ‘हॅपी एन्ड’ हेही मुलीच्याच तोंडचे. नाव सुखान्त, गाणे मात्र निरोपाचे! ते ज्या चित्रपटासाठी झाले त्याची कथा क्योटोत घडते, आणि क्योटोशी वाराणसीचा २०१४ मध्ये भागीदार शहरांचा करार झालेला आहे. करार करणाऱ्यांच्या मनात गाणी खासच नसणार.

पुरुषाने बाईच्या तोंडून रडणे हे बनारसला नवे वाटायचे कारण नाही. इथल्या पूरब अंगाच्या ठुमरीत बोलणारी बहुधा स्त्रीच असते, मग गाणारा कोणी का असेना. पंडित छन्नूलाल मिश्र २०२५ मध्ये गेले. आयुष्यभर त्यांनी ठुमरी, कजरी, चैती गायली. भरदार देहाचा तो गृहस्थ विरहिणीची व्याकुळता गाई तेव्हा कोणाला त्यात काही वावगे वाटले नाही. भिखारी ठाकुरांच्या ‘बिदेसिया’ नाटकात नवरा कलकत्त्याला जातो आणि तिथे दुसरीच्या नादी लागतो. मागे राहिलेल्या बायकोचा विलाप रंगमंचावर पुरुष नट करीत आणि गावेच्या गावे डोळे पुसत. दूर कशाला, ज्ञानेश्वरांच्या विराण्या घरोघरी भक्तीने ऐकल्या जातात. त्यांत झुरणारी स्त्री, रचणारा पुरुष.

या भागात विरहाचे पीक एवढे का यावे, यालाही कारण आहे. १८३४ पासून पुढे ऐंशीहून अधिक वर्षे भोजपुरी मुलखातले मजूर करारावर मॉरिशस, त्रिनिदाद, फिजीला गेले. बाकीच्यांनी कलकत्ता आणि रंगून गाठले. श्रावणात झोपाळे बांधले जात आणि ज्यांचे नवरे आलेले नसत त्या बायका कजरी म्हणत. मिर्झापूर आणि बनारस ही कजरीची माहेरघरे. बायका फेर धरून गात, म्हणजे एकीचे दुःख दहाजणींच्या गळ्यातून निघे. कोण कोणासाठी रडते आहे हे विचारायची सोयच नव्हती, आणि ते बरेच होते.

गाणे बांधण्याच्या तऱ्हाही बघण्यासारख्या आहेत. ठुमरीत एकच ओळ गायिका दहा प्रकारांनी म्हणते. कधी रागाने, कधी लाडीगोडीने, कधी हताश होऊन. शेवटी तबलजी लग्गी लावतो, लय दुप्पट होते आणि रडके शब्द चक्क नाचायला लागतात. जपानी गाणे याच्या उलट वाटेने जाते. आधी हळू आवाजातले दोन टप्पे, मग ज्याला ते ‘साबी’ म्हणतात तो उंच उसळणारा भाग. शेवटची साबी पुष्कळदा अर्धा स्वर आणखी वर चढवतात. एकीकडे दुःख हळूहळू सैल होते, दुसरीकडे ते कडेलोटापर्यंत नेऊन सोडून देतात. रात्री दोन वाजता दुसरा प्रकार जास्त उपयोगी पडत असावा.

फरक आहे तो सोबतीचा. १९७१ मध्ये कोबे शहरातल्या दाइसुके इनोउए यांनी कराओकेचे यंत्र बनवले, ते चारचौघांत गाता यावे म्हणून. १९७९ मध्ये वॉकमन आला आणि गाणे एकाच्या कानात गेले. आता जपानात ‘हितोकारा’ आहे, म्हणजे एकट्याने खोली भाड्याने घेऊन कराओके गाणे. आपल्या मुलाला तेवढीही खोली नाही. तीन पिढ्यांच्या घरात, पातळ भिंतींच्या आड, कोणाला न कळणारी भाषा हीच त्याची बंद खोली. हिंदी गाणे लावले असते तर आईने दुसऱ्याच ओळीला ओळखले असते.

‘असली गाणी ऐकूनच मुले बिघडतात,’ असे म्हणणारे वडील एकटे नाहीत. गिरिजादेवींनी १९४९ मध्ये अलाहाबाद रेडिओवर पहिल्यांदा गायले, तेव्हा त्यांच्या आईचा आणि आजीचा विरोध होता. घरंदाज बाईने लोकांपुढे गाऊ नये, ही भीती. त्याच गिरिजादेवींना २०१६ मध्ये पद्मविभूषण मिळाले आणि आज त्यांची कजरी लावणारे घर सुसंस्कृत समजले जाते.

मात्र गाण्यावरून नजर काढून मुलाकडे बघणे जरूर आहे. आठवडे उलटले तरी झोप नाही, अन्न जात नाही, मित्र तोडले, ‘जगून काय करायचं’ असे एकदा जरी बोलला, तर थट्टा आणि उपदेश दोन्ही बंद करून त्याला डॉक्टरकडे न्यावे. तो सरळ यायला तयार नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलिमानस क्रमांक आहे. २०२२ पासून ही सेवा विनामूल्य चालते, आणि त्यावर आईवडीलही बोलू शकतात.

तसे काही नसेल, आणि बहुधा नसतेच, तर वडिलांनी एखाद्या संध्याकाळी छतावर शेजारी बसून एवढेच विचारावे, ‘‘हे गाणं म्हणतंय तरी काय?’’ आजीला त्या वेळी खाली काहीतरी काम असलेले बरे. पहिल्या दिवशी तो फक्त गायकाचे नाव सांगेल. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाण्यातल्या मुलीची गोष्ट सांगेल. स्वतःची सांगायला आणखी बरेच दिवस घेईल.