साकीनाक्याहून हर्णैला

साकीनाका, 4 जुलै

ती. बाबांस साष्टांग नमस्कार.

खुशाल पोचलो. खेडला गाडी मिळाली, ठाण्याला उतरून लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रो. असल्फाच्या पुढचंच स्टेशन साकीनाका. आत्याकडे सगळे बरे आहेत.

दिवसभर खैरानी रोडला हिंडलो. लेथ, प्रेस, मोल्डिंग, भंगार असं सगळं दाटीवाटीने, एकाला एक लागून. पावसातही काम थांबत नाही. तुम्ही दिलेला आपल्या बोटीच्या मागच्या निचऱ्याच्या पाईपचा तुकडा एका जुन्या दुकानदाराला दाखवला. त्याने सुरी घेऊन तो सरळ उभा चिरला. बाहेरून पाईप काळाभोर, धडधाकट. आतलं रबराचं अस्तर मात्र सुटून जिभेसारखं लोंबत होतं, कापडाचा थर कुजलेला आणि तारेची नुसती तांबडी भुकटी. मासळीच्या कप्प्यातलं बर्फाचं पाणी अडखळत निघतं ते खवल्यांमुळे नाही, या लोंबत्या अस्तरामुळे. पाईप कापला की तारेची टोकं उघडी पडतात, तिथून खारं पाणी शिरतं आणि गंज आतल्या आत सरकत जातो. बाहेरून बोट फिरवून पाईप चांगला आहे असं यापुढे कुणीच म्हणू नये.

स्वस्तातली प्लॅस्टिकची नळीही त्याने काढली होती. मी घेतली नाही. डिझेल लागत राहिलं की ती कडक होते आणि चिरते. इंजिनाजवळ तेल सोसणारं रबरच हवं.

दादाला एक काम सांगा. पाईपचं माप आतल्या व्यासाचं धरतात आणि जुना पाईप फुगलेला असतो. म्हणून ज्या नळीवर पाईप चढतो तिचा बाहेरचा व्यास कॅलिपरने मोजून फोनवर सांगावा. निचऱ्याच्या चारही पाईपांच्या ठिकाणचं माप हवं, अंदाज नको.

साकीनाका, 6 जुलै

ती. बाबांस सा. न.

काल रात्री पावसाने गल्लीत पाणी आलं. आत्या 26 जुलै 2005 चं सांगत बसली. त्या दिवशी सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस झाला आणि त्यातच दुपारी मोठी भरती. मिठी नदी इथूनच पुढे कुर्ल्यावरून माहीमच्या खाडीला जाते. खाडीचं तोंड भरतीने दाबलं की वरच्या पाण्याला वाट उरत नाही.

ऐकताना मला आपली बोट दिसत होती. रिकामी असताना निचऱ्याची तोंडं पाण्याच्या वर असतात. बर्फ आणि मासळी भरली, पाच-सहा खलाशी चढले की तीच तोंडं पाण्याखाली जातात. मग समुद्र आणि बोटीचा तळ यांच्यामध्ये उरतो तो फक्त हा पाईप. हिशोब करून पाहिला : पाण्याखाली दोन फुटांवर इंचभर भोक पडलं तर मिनिटाला साधारण साठ लिटर पाणी आत येईल. रात्री सगळे जाळ्यावर असताना ते कुणाच्या लक्षात यायचं? म्हणून म्हणतो, चारही पाईप याच पावसाळी मासेमारीबंदीत बदलू. एक बदलून तीन पुढच्या वर्षावर ढकलायचं मला पटत नाही.

साकीनाका, 9 जुलै

ती. बाबांस सा. न.

दादाचा फोन आला, मापं मिळाली. पाईप घेतला. क्लिपांना वेळ गेला. खोक्यावर स्टेनलेस लिहिलेलं असतं आणि पट्टी खरीच स्टेनलेस असते, पण स्क्रू साधा लोखंडी निघतो. लोहचुंबक लावला की स्क्रू टपकन चिकटतो. अशी क्लिप खाऱ्या पाण्यात पहिली स्क्रूपाशीच जाते. 316 नंबरच्या स्टीलच्या घेतल्या. महाग पडल्या, पण इथे काटकसर करायची नाही.

आज मेट्रोने वर्सोव्याला गेलो होतो. स्टेशनापासून कोळीवाडा लांब, रिक्षा करावी लागते. बोटी ओढून ठेवलेल्या, त्यांवर ताडपत्र्या. एक म्हातारे नाखवा पाईपच बदलत होते. जुना पाईप त्यांनी पिळला नाही, पान्याने ओढलाही नाही. फिटिंग तडकते म्हणाले. सुरीने उभा चिरून सोलून काढला. नव्याचं टोक गरम पाण्यात बुडवून मऊ केलं, नळीला साबणाचं पाणी लावलं आणि दाबत दाबत पार खांद्यापर्यंत चढवला. वर दोन क्लिपा, एकीचा स्क्रू डावीकडे तर दुसरीचा उजवीकडे, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो. मध्ये कुठे झोळ राहू दिला नाही. झोळात पाणी साचतं आणि घाण बसते. मी शेवटपर्यंत बसून पाहिलं.

उद्या रात्रीच्या एसटीने निघतो. तोवर जुने पाईप कुणी काढू नका. बोट वर ओढलेली असली तरी अमावास्येचं उधाण तिथवर येतं. एक काढायचा, लगेच नवा बसवायचा, मग दुसरा. आईला नमस्कार.

तुमचा,
धाकटा