खासबागच्या बाजारातला पोरका

आमच्या आतेचं घर बेळगावला. चोर्ला घाट चढून तिच्याकडे गेलो की रविवारचा खासबागचा बाजार चुकवायचा नाही, हा माझा जुना शिरस्ता. खासबाग म्हणजे विणकरांची वस्ती. आठवडाभर मागांची खडखड आणि रविवारी रस्त्यावर बाजार. भाजीपाला, जुने कपडे, पान्हे, सायकलचे सुटे भाग, बंद पडलेली घड्याळं आणि नशीब असेल तर पुस्तकं.

गेल्या खेपेला पान्ह्यांच्या ढिगाशेजारी जाड पुठ्ठ्याच्या बांधणीचं एक इंग्रजी पुस्तक दिसलं. मेरी शेलीची 'फ्रँकेन्स्टाईन' ही कादंबरी.

"कितीला?"

"पन्नास द्या की ओ. बांधणी बघा की कसली घट्ट हाय."

मालकाचं नाव असलेलं पहिलं पान कुणीतरी फाडून टाकलं होतं. गंमत अशी, की हे पुस्तक जन्मलंच मुळी बिननावाचं. बेळगावचा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला त्याच वर्षी, १ जानेवारी १८१८ रोजी, लंडनमध्ये त्याच्या अवघ्या ५०० प्रती निघाल्या, त्याही लेखिकेच्या नावाशिवाय. लिहायला घेतलं तेव्हा मेरी १८ वर्षांची होती. तिची आई तिच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत वारली होती आणि तिचं स्वतःचं पहिलं मूल १८१५ मध्ये गेलं होतं. फ्रँकेन्स्टाईन हे आपण राक्षसाचं नाव समजतो, पण ते त्याला घडवणाऱ्या विद्यार्थ्याचं. राक्षसाला नावच नाही. त्याने डोळे उघडताच निर्माताच पळून गेला, मग नाव ठेवणार कोण?

दुपारी आतेच्या माडीवर पुस्तक चाळायला घेतलं. समासात पेन्सिलीने, बारीक अक्षरात, कठीण शब्दांचे मराठी अर्थ लिहिलेले. सुरुवातीला त्या प्राण्यापाशी तीनदा 'राक्षस' असं लिहिलं होतं. पुढे तो स्वतःची कहाणी सांगू लागतो. झोपडीच्या फटीतून ऐकत ऐकत तो भाषा शिकतो, रानात त्याला एक चामड्याची पेटी सापडते आणि तीत मिल्टन, प्लुटार्क आणि ग्योटे यांची पुस्तकं. कुणाची तरी हरवलेली पुस्तकं वाचून तो माणसात येतो! त्या पानावर त्या अनोळखी वाचकाने एकच शब्द लिहिला होता : 'पोरका'.

मी पुस्तक मिटलं.

माझ्या बाबांना हीच सवय होती. पेन्सिल कानावर, अर्थ समासात. ते गेल्यावर आम्ही जुनं घर सोडून फ्लॅटमध्ये आलो, तेव्हा त्यांची दोन पोती पुस्तकं मी रद्दीवाल्याला किलोवर दिली. जागा नाही म्हणून. एकही उघडून पाहिलं नाही. कोणत्या शब्दापाशी ते थांबले, कुठे त्यांचं मत बदललं, हे आता मला कधीच कळणार नाही.

हे अक्षर बाबांचं नव्हे. मी दोनदा निरखून पाहिलं.

पुस्तक आता गोव्यात माझ्या कपाटात आहे. माझ्यानंतर तेही बाजारात जाईल, त्याला माझी ना नाही. मुलीला एवढंच सांगून ठेवलंय, देण्याआधी प्रत्येक पुस्तक एकदा उघडून बघ.